उलट्या इळ्याचा पंखा

ढिवराला पाण्याचं भय वाटलं तर लोक समजून घेतात. पाण्याने कित्येकांचे बाप नेले, भाऊ नेले. पण ढिवराला पाण्याची घिन यावी, हे आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. सुखरामला ती आली, म्हणून त्याची गोष्ट सांगतो आहे. घिन म्हणजे किळसच. पण किळस हा शब्द पुस्तकात नीट बसून असतो, आणि घिन पोटातून वर येते.

सुखराम पन्नाशी ओलांडलेला. सडपातळ, काळा, जन्मभर डोंग्यात उभं राहून पायांची बोटं बदकासारखी फाकलेली. नदीवरून आला की तो सरळ घरात शिरत नाही. अंगणातल्या दगडावर बसतो, चुलीतली राख मागतो आणि कोपरापर्यंत हात घासतो. मग साबण. मग हात नाकाशी नेतो, वास घेतो, आणि पुन्हा राख. रस्त्याने जाणाऱ्यांना ही रोजची करमणूक.

"काहून गा सुखराम, सासरवाडीले जाऊन राहिला काय?"

"नाई जी. हात घरात नेऊन राहिलो."

त्याच्या घिनेला कारण होतं. वर बपेऱ्याकडे, जिथे त्याचा मामा राहतो, तिथे वैनगंगा अजून नदी आहे. तळाची वाळू दिसते, आणि त्या वाळूवर माशाची सावली माशाच्या आधी पळते. आमच्यापर्यंत येता येता तिला गावं भेटतात, शहरं भेटतात, त्यांचे नाले भेटतात. आणि खाली धरणाने तिला अडवून ठेवलं आहे. म्हणजे येणारी घाण येत राहते आणि जाणारं पाणी जात नाही. आमच्या घाटावर नदी उभी असते, पाऊल न उचलता, आजारी म्हशीसारखी, आणि आतल्या आत सडते.

पाण्याचा रंग पातळ डांबराचा. त्यावर ते हिरवं. सरकारी कागदात त्याला इकॉर्निया म्हणतात, जलपर्णी म्हणतात. आमच्याकडे त्याला कुणी नाव ठेवलंच नाही. नाव ठेवायला जीव लागतो. नुसतं "ते हिरवं" म्हणतात. वरून पाहिलं तर काय देखणं! हिरवीगार पानं, जांभळी फुलं, फोटो काढायला पोरंपोरी येतात. पण एक झाड ओढून पाहा. खाली हातभर लांब काळी मुळं लोंबतात, ओल्या केसांसारखी, आणि त्या केसांत शहराने टाकलेलं सगळं अडकलेलं असतं. कुणाच्या बाळाचा लंगोट, औषधाची सुई, कोंबडीची आतडी, एकदा तर फुगलेलं डुकराचं पिल्लू. आणि वास! तो वास नाकात थांबत नाही. तो जिभेवर उतरतो. भाकरीचा घास घेतला तरी आधी त्याची चव लागते.

मासेही तसेच झाले. मरळ गेली. जे उरले त्यांच्या अंगावर फोड. चिरला तर आतून काळपट पाणी. ढिवर ते मासे विकतात, पण आपल्या घरी रांधत नाहीत. आम्ही शेतकरी लोक बांध्यांत धान पिकवतो, आणि आठवड्याच्या बाजारातून बर्फातला मासा आणून खातो, आणि गप्प बसतो. या गप्प बसण्याचीही घिन यायला हवी होती. ती आम्हाला आली नाही.

सुखरामच्या बापाचा एक नेम होता. डोंग्यात पाय टाकण्याआधी तो नदीत वाकायचा आणि ओंजळभर पाणी प्यायचा. म्हणायचा, "जिच्यात जाऊन राहिलो तिले आधी आपल्यात घ्याचं." त्याचं पाहून बाकीचे ढिवरही तसं करू लागले, आणि घाटावरची ती रीतच झाली. पुढे पाणी काळं झालं. रीत मोडायची हिंमत कुणात नव्हती, पाणी प्यायचीही नव्हती. मग लोकांनी मधला रस्ता काढला. खिशातून बाटली काढायची, तिच्यातलं पाणी ओंजळीत ओतायचं, प्यायचं आणि डोंग्यात बसायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठी वाकून बाटलीतलं पाणी पिणारे चाळीस ढिवर. सुखराम एकटा ताठ उभा राहायचा.

"तू पेत नाई काय बे?"

"खोटं पेत नाई," तो म्हणायचा. "खरं पेवाले घिन येते."

तेव्हापासून गावाने त्याचं नाव घिन्या ठेवलं.

आता बेबीबाईंचं सांगतो, कारण गोष्ट त्यांच्या हाताची आहे.

बेबीबाई सुखरामची बायको, माहेर सानगडी. ठेंगणी, तोंडाची तिखट. हिरवं वाढलं तसं वल्ह्याने डोंगा हलेना. मग सुखरामने धानाला पाणी देण्याच्या एका जुन्या इंजिनाला लांब लोखंडी दांडा जोडला, दांड्याच्या टोकाला बाजारातला तीन पात्यांचा पंखा लावला, आणि डोंग्याच्या मागे बसवला. तसं आणखी दोघा-तिघांनी केलं होतं. मोकळ्या पाण्यात तो पंखा भुर्रकन नेई. पण मोकळं पाणी होतं कुठे? पंचवीस हात गेलं की मुळं पंख्याला गुंडाळत. इंजिन गुरगुरे आणि बंद पडे. मग दांडा वर काढायचा, आणि पंख्याभोवतीची ती काळी वेणी हाताने सोडवायची. पुन्हा पंचवीस हात. पुन्हा वेणी.

बेबीबाईंचे हात लहान, बोटं चपळ. ते काम त्या करायच्या. मुळं तोडून तोडून नखांखाली काळं गेलेलं, मनगटापर्यंत खाज. एका दिवशी त्या वेणीत पत्र्याचा तुकडा होता. त्याने उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चिरली. चिरली तेवढंच असतं तर भागलं असतं. पण त्या पाण्याने जखमेत घर केलं. चौथ्या दिवशी हात पपईसारखा सुजला, आणि त्याला नदीचाच वास येऊ लागला. दवाखान्यात जीव वाचला, हात वाचला. दोन बोटं गेली.

त्या दिवसांत सुखराम एकदा मला म्हणाला, "नदीचा वास माह्या बाईच्या आंगातून आला, भाऊ. मले उलटी झाली. घरच्या मानसाची घिन आली मले. हे मी माफ करनार नाई."

कुणाला माफ करणार नाही ते त्याने सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने एकच गोष्ट धरली. त्या पाण्यात बेबीचा हात पुन्हा जाणार नाही.

धान कापणीचे दिवस आले. बेबीबाई तीन बोटांच्या हाताने कापणीला गेल्या. माहेरून आणलेला इळा, म्हणजे विळा, त्यांना आता पूर्वीसारखा धरता येत नव्हता. त्यांनी आपली नवी तऱ्हा काढली. आधी इळ्याची पाठ पुढे करून धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत बाजूला सारायचं, मग इळा फिरवून धान कवळीत घेऊन कापायचं. सुखराम धुऱ्यावर बसून पाहत होता. गवत इळ्याच्या पाठीवरून सरसर घसरत होतं. एक काडी अडकत नव्हती.

"हे कसं वो?" त्याने विचारलं.

"काय कसं?"

"गवत अडकत काहून नाई?"

बेबीबाईंनी कंबर सरळ केली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं बाया अडाणी माणसाकडे पाहतात. "इळा पोटानं धरते अन् पाठीनं सोडते. एवढं समजत नाई काय जी? इतक्या साल भात कोनाच्या हातचा खाल्ला?"

सुखराम उठला. इळा त्यांच्या हातातून घेतला, आणि पाठ पुढे करून हवेत गोल फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. बाया हसू लागल्या. त्यांना वाटलं, बोटं बायकोची गेली आणि डोकं नवऱ्याचं.

गावात इश्वरचं वेल्डिंगचं दुकान आहे. सुखराम तीन इळे घेऊन गेला. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून या आकाराची तीन पाती कापायची आणि दांड्याच्या टोकाला लावायची, असं सांगून तो जाळं सोडवायला निघून गेला. इश्वर चांगला कारागीर, पण शहाणा. इळा म्हटला की तो कापणारच, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. त्याने पाती पोट पुढे करून जोडली, वर धारही लावून दिली.

दुसऱ्या दिवशी डोंगा हिरव्यात घातला. पंख्याने पहिल्याच फेऱ्यात जी मुळं कवळली, ती धानाची पेंढी बांधावी तशी घट्ट बांधली. इंजिनाने मान टाकली. डोंग्यात इश्वरही बसला होता.

"घे आता," सुखराम म्हणाला. "कवळ केला पंख्यानं तुह्या. बांध अन् ने घरी."

"इळा कापाले असते का न कापाले?"

"मले कापाचं नाई ना बे! मले सुटाचं हाय!"

ती वेणी सोडवायला इश्वरला पाण्यात हात घालावा लागला. कोपरापर्यंत. परत आल्यावर त्याच रात्री त्याने पाती तोडली, धार घासून बोथट केली आणि पाठ पुढे करून जोडली. घिनेइतका चांगला गुरू नाही.

तरीही जमलं लगेच असं नाही. पाती फार वाकली तर डोंगा जागचा हलेना. कमी वाकली तर मुळं धरीत. सहा पंखे वाया गेले. सातव्याला एका पात्याचं टोक खडकावर आपटून तुटलं, आणि डोंगा अचानक पळू लागला. मग सुखरामने उरलेल्या दोन्ही पात्यांची टोकं तेवढीच कापली. तो पंखा हिरव्यात शिरला. मुळं आली, पात्यांच्या पाठीवर चढली, आणि टोकावरून घसरून मागे गेली. या काठापासून त्या काठापर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही. बेबीबाई मागे बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. कोरडे.

वासुदेवराव गुरुजी आमच्या गावचे, निवृत्त झाले, आता शेती करतात. त्यांनी ते तुटलेलं पातं पाहिलं आणि त्यांना आनंदाचं भरतंच आलं. "अरे सुखराम, विलायतेत पावणेदोनशे-दोनशे वर्षांमागं असंच झालं होतं. एक मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. त्यानं जहाजासाठी लाकडाचा मळसूत्री पंखा केला. कालव्यात चालवून पाहताना अर्धा पंखा तुटला, आणि नाव मंदावायच्या ऐवजी जास्तच जोरात पळाली. तिथून पुढं मोठमोठी जहाजं पंख्यावर चालू लागली. आणि तोही शाळेत शिकलेला इंजिनीअर नव्हता."

सुखरामने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "गुरुजी, त्या कालव्यात घान होती काय?"

"तसं काही वाचलं नाही बुवा."

"मंग त्याले काय कराचं होतं एवढं?" सुखराम म्हणाला आणि राख मागवली.

मच्छीमार संस्थेला चाळीस डोंग्यांसाठी इंजिनं देण्याची योजना आली, ती याच सुमारास. संस्थेचे अध्यक्ष शहरातून एक तयार इंजिन घेऊन आले होते. लाल रंगाचं, झाकणावर मगरीचं चित्र. भंडाऱ्याच्या ऑफिसातले मोठे साहेब येणार, मगरीचं इंजिन आणि सुखरामचा पंखा दोन्ही चालवून पाहणार, आणि जे बरं वाटेल ते चाळीस डोंग्यांना बसणार. सुखरामला याचा अर्थ स्वच्छ कळत होता. मगर आली तर चाळीस घरच्या बायका पाण्यात हात घालणार.

साहेब यायच्या दोन दिवस आधी घाटावर जेसीबी आला. सुखरामने पाहिलं आणि तो धावतच खाली गेला. घाटासमोरचं हिरवं ओढून ओढून बाजूला केलं होतं. नायलॉनचा दोर आणि निळे प्लास्टिकचे पिंप लावून त्याला पलीकडे अडवून ठेवलं होतं. मध्ये मोठ्या तळ्याएवढं पाणी मोकळं. अध्यक्षांनी वर दोन पोती गुलाबाच्या पाकळ्या टाकवल्या, वास मारावा म्हणून. वास मेला नाही. कुजलेल्या माशाला अत्तर लावलं तर जे होतं, ते झालं.

"अध्यक्षसाहेब, हे काहून साफ केलं जी? माहा पंखा घानीसाठी हाय."

"पागल झाला काय सुखराम? साहेबाले घान दाखवाची काय? पाव्हना घरी आला तर आपन आंगन झाडतो का नाई?"

"आंगन रोज झाडतो जी आपन."

अध्यक्ष जेसीबीवाल्याकडे वळले.

साहेब आले. मंडप, फुगे, माईक. मोकळ्या पाण्यात दोन्ही डोंगे उभे केले आणि शिट्टी वाजली. मगर सुसाट गेली. सुखरामचा पंखा, वाकड्या आखूड पात्यांचा, घाणीतून सुटण्यासाठी घडवलेला, साफ पाण्यात हळूहळू चालला, गाभण म्हशीसारखा. मगर दोन फेऱ्या मारून परत आली तेव्हा सुखराम अर्ध्यात होता. काठावरचे लोक हसले. ज्यांनी हिरव्यात त्याचा पंखा चालताना पाहिला होता तेही हसले. मला आजही त्या हसण्याची शिसारी येते, आणि त्यात माझंही हसणं होतं.

साहेबांनी दोघांचं कौतुक केलं. मगर पसंत झाली. सुखरामला शाल आणि नारळ मिळाला. "ग्रामीण संशोधक" असं माईकवर म्हटलं गेलं. तो शाल खांद्यावर घेऊन उभा राहिला, जसं खुंटीवर कापड टांगतात.

मग साहेबांना मगरीतून फेरी मारायची हौस आली. साहेब, अध्यक्ष आणि चालवणारा, तिघं निघाले. इतक्यात दुपारचा वारा फिरला. वारा फिरला की ते हिरवं चालतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याला मुळं आहेत पण जमीन नाही. अख्खं शिवार सरकावं तसं ते सरकलं. दोराला ताण आला, दोर तुटला, निळे पिंप भेलकांडले, आणि ते हिरवं मगरीच्या चारही बाजूंनी मिटलं. मगर एकदा घशातून ओरडली आणि बंद पडली.

काठावरून सगळं दिसत होतं. चालवणाऱ्याने इंजिन वर उचललं. त्याच्याभोवती काळी वेणी. त्याने वेणीकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष स्वतः ढिवर, पण पांढरे कपडे घालून त्यांना बारा वर्षं झालेली. त्यांनी हात पाठीमागे बांधले. डोंगा हलला, तसा मुळांखालचा गाळ ढवळला आणि बुडबुडे आले. तो वास काठावर आम्हाला आला, तर त्यांना कसा आला असेल! साहेब वाकले आणि भडाभडा ओकले.

"सुखराम! ये सुखराम!" अध्यक्ष ओरडू लागले.

सुखराम काठावर उभा होता. तो जाणार नाही, असं मला क्षणभर वाटलं. पण बुडणाऱ्याला आणि अडकलेल्याला ढिवर सोडत नाही. त्याने डोंगा काढला. हिरव्याच्या छातीतून तो पंखा सरळ गेला, गवतातून साप जावा तसा. मगरीजवळ थांबून त्याने खांद्यावरची शाल काढली आणि साहेबांपुढे धरली.

"तोंड पुसा साहेब."

साहेबांनी पुसलं. सुखरामने मगरीला दोर बांधला आणि तिघांना ओढत घाटावर आणलं. कुणाचाही हात पाण्यात गेला नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. पण साहेब घाटावर बसले, दोन बाटल्यांनी हात-तोंड धुतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कमाल आहे हो हा पंखा! अध्यक्ष, तो लाल डबा राहू द्या. चाळीसही डोंग्यांना हाच बसवा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इश्वर तर नाचलाच. बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला. सुखराम हसला, त्याला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

"आणि आता ती जलपर्णी काढत बसायची गरजच काय?" साहेब पुढे म्हणाले. "वरच्या नाल्यांच्या तक्रारी, पाण्याच्या तपासण्या, सगळं मिटलं. होड्या चालतात ना? झालं तर मग!"

टाळ्या चालूच होत्या. हसू फक्त सुखरामचं थांबलं.

कागद तिथेच लिहिला गेला. अध्यक्षांनी पेन पुढे केलं. "कर सही. चाळीस घरं दुवा देतीन तुले."

सुखरामने कागद वासुदेवराव गुरुजींकडे दिला. "वाचा जी. मोठ्यानं वाचा."

गुरुजींनी वाचलं. "'श्री. सुखराम यांच्या पंख्यामुळे जलाशयातील पाण्याची अडचण कायमची दूर झाली असून, संस्थेची या पाण्याबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही.'"

"मी पान्याची अडचन दूर केली?" सुखराम हळू म्हणाला. "मी तं फक्त माह्या बाईचा हात पान्याबाहेर काढला, साहेब. पानी तं तिथंच हाय."

"तेच हो ते. भाषा असते कागदाची," साहेब म्हणाले.

सुखराम घाटाच्या शेवटच्या पायरीवर गेला. वाकला. आणि ज्या माणसाने त्या पाण्यापासून हात वाचवण्यात वर्ष घालवलं, त्याने दोन्ही हात त्यात बुडवले आणि ओंजळ भरून वर आणली. काळी ओंजळ. बोटांच्या फटींतून थेंब गळत होते. तो साहेबांसमोर उभा राहिला.

"माह्या बापाची रीत हाय. जिच्यात जाचं तिले आधी प्याचं. पानी चांगलं झालं म्हनता ना? तुमी घोटभर घ्या. अध्यक्षसाहेब घोटभर घेतीन. मंग मी सही करतो. चाळीस नाई, चारशे पंखे देतो."

साहेब मागे सरले. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. कुणीतरी मागून बाटली पुढे केली.

"बाटलीतलं नाई," सुखराम म्हणाला.

ओंजळीतले थेंब पायरीवर पडत होते. मग त्याने ओंजळ सोडली, डोंग्यात उतरला, पाना फिरवून पंखा सोडवला आणि काखेत धरून घरी निघाला.

ढिवरांनी त्याला वाटेत अडवलं. सगळे चिडलेले. "घिन्या, तुह्या घिनीपायी आमच्या बायांनं बोटं तोडून घ्यावी काय?"

"तुमाले नाई कोनं म्हटलं बे?" सुखराम उलटून ओरडला. "त्याईले नाई म्हटलं! कागदाले नाई म्हटलं! तुमाले पाह्यजे तं घरचा इळा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी एकच आला. आठवड्यात नऊ झाले. आता चाळीसही डोंग्यांना तो पंखा आहे, शेतातल्या जुन्या इंजिनांवर बसवलेला. इश्वर कमानपाटा कापतो, सुखराम टोकं मापतो. प्रत्येकाला पाती कशी जोडायची ते बेबीबाई आपल्या तीन बोटांच्या हातात इळा धरून दाखवतात. "पोट मांगे, पाठ समोर. इश्वरवानी नोको करजो." इश्वर मान खाली घालून वेल्डिंग करतो.

नदी मात्र तशीच आहे. उभी, काळी, वर जांभळी फुलं. पंखे चांगले म्हणून लोकांना तिची सवय होईल, याचीच सुखरामला सगळ्यात जास्त घिन वाटते. म्हणून त्याने नवा नेम केला. दर सोमवारी पहाटे बाटलीत नदीचं पाणी भरायचं, एस.टी.ने भंडाऱ्याला जायचं, आणि त्या साहेबांच्या ऑफिसात टेबलावर बाटली ठेवून यायची. "ही तुमची ओंजळ. राहिली होती," एवढंच म्हणायचं. शिपाई बाटल्या कपाटाच्या मागे सारत गेला.

उन्हाळा आला. एका दुपारी मी सुखरामच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन वाजला. ऑफिसातला बाबू बोलत होता, आवाज नाक दाबल्यासारखा.

"काका, हात जोडतो, बाटल्या आणू नका. उन्हानं फुगल्या अन् दोन बाटल्यांची टोपणं उडाली. सगळ्या भिंतीवर उडालं. साहेबांच्या शर्टावर उडालं. साहेब बाहेर रस्त्यावर उभे आहेत."

"काहून?" सुखरामने विचारलं.

"काहून म्हणजे? आत बसवत नाही कुणाला!"

"घिन आली काय साहेबाले?"

"आली ना! आम्हा सगळ्यांनाच आली!"

सुखरामने फोनचा आवाज मोठा केला आणि चुलीपाशी बसलेल्या बेबीबाईंकडे वळला. "ऐकलं काय वो? बाबू, एकडाव अजून सांगा. माह्या घरच्याले ऐकू आलं नाई."

बाबूने पुन्हा सांगितलं. बेबीबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"सांगा त्याईले," त्या म्हणाल्या, "नुसत्या साबनानं जात नाई म्हना. आधी राख लावा."

आणि सोमवारच्या बाटलीसाठी घट्ट टोपण शोधायला त्या आत गेल्या.